कोणीही हात लावायचा नाही

समुद्र पोहून जायचं ठरवलेल्या माणसाने समुद्राजवळ राहायला जावं, अशी माझी साधी समजूत होती. माझी मावसबहीण वैशाली हिने समुद्र पोहायचं ठरवलं आणि ती वर्ध्यातच राहिली. वर्ध्यातून कुठल्याही दिशेला तोंड करून उभं राहिलं तरी समुद्र सारखाच नसतो. वैशालीचं म्हणणं असं, की पाणी ते पाणी, आणि मीठ काय घरातही असतं.

वैशाली एक्केचाळीस वर्षांची आहे आणि वर्ध्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. परदेशातली एक थंडगार सामुद्रधुनी तिला येत्या उन्हाळ्यात पोहून जायची आहे. तिथे पोहायलाही रांग असते, आणि बरीच वर्षं वाट पाहून तिचा नंबर आता लागला आहे. हा हुकला तर पुढचा येईपर्यंत ती निवृत्तीच्या वयाला टेकेल. पण नंबर लागला तरी तिथले लोक कोणालाही पाण्यात उतरू देत नाहीत. आधी आपल्या गावच्या थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवायचं. मध्ये होडीला धरायचं नाही, तळाला पाय टेकायचा नाही, आणि पाण्यात शिरल्यापासून स्वतःच्या पायांनी कोरड्या जमिनीवर उभं राहीपर्यंत दुसऱ्या माणसाने तिला हात लावायचा नाही. हे सगळं पाहायला एक साक्षीदार हवा. तो आईवडील, नवरा किंवा प्रशिक्षक असून चालत नाही. मावसभाऊ चालतो. इंग्रजीत या नात्याला स्वतंत्र शब्दच नाही, त्यामुळे इंग्रजी नियम करणाऱ्यांना ते फारसं जवळचं वाटत नसावं.

मला पोहता येत नाही. मी पुण्यात राहतो आणि नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात घालवली. फोनवर मी माझी अपात्रता सविस्तर सांगितली.

"दादा, तुले काईच कराचं नाई," वैशाली म्हणाली. "नुसतं बसाचं आन पाहाचं. तुले थे जमते."

मी तिकीट काढलं.

वर्धा

विदर्भ म्हणजे ऊन, हे मी भूगोलात शिकलो होतो. भूगोल लिहिणारा माणूस जानेवारीत पहाटे वर्धा स्टेशनवर उतरलेला नसावा. वैशालीचे यजमान प्रमोदराव मला घ्यायला आले होते. ते सरकारी कचेरीत कारकून आहेत, कमी बोलतात आणि स्कूटर त्याहून हळू चालवतात. वाटेत त्यांनी मला पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात. इथे वरून लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला थंडी गेली, दुसऱ्या घासाला बाकीच्या तक्रारीही गेल्या.

या जिल्ह्याने देशाला साधेपणा शिकवला असं आपण वाचत आलो आहोत. शिकवून झाल्यावर तो इथे फारसा शिल्लक राहिला नसावा. स्टेशनपासून घरापर्यंत मी वाढदिवसांचे, नेमणुकांचे आणि नेमणुकीबद्दलच्या आभारांचे इतके फ्लेक्स पाहिले, की मधली झाडं चुकून सुटल्यासारखी वाटत होती.

घरी पोचलो तेव्हा वैशाली गच्चीवर, बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये, वह्या तपासत बसली होती. थंडीची सवय हवी म्हणून तिने दिवाळीपासून पांघरूण सोडलं होतं. रात्री ती गच्चीवर चटईवर झोपायची. खाली प्रमोदराव दोन रजया घेऊन अपराधी चेहऱ्याने झोपायचे. अंगावर चरबीही लागते. थंड पाण्यात स्नायू उपयोगाचे नसतात असं नाही, पण ऊब चरबीच धरते. त्यामुळे जगातल्या मोठ्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्या बायका पोस्टरवरच्या खेळाडूंसारख्या दिसत नाहीत, कोणाच्याही आत्यासारख्या दिसतात. वैशाली वरणभातावर तूप वाढून घेत नव्हती, तुपात वरणभात कालवत होती.

शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय वो मॅडम, चांगल्या भरून राह्यल्या! पोहून तं वजन कमी होते म्हणे?"

"मले वाढवाचंच हाय, काकू."

"मायबाई! मंग त्याच्यासाठी पोहाची काय गरज?"

संध्याकाळी वैशालीने मला माझं काम नीट समजावलं आणि त्यातच गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. हीच परीक्षा तिने गेल्या जानेवारीत दिली होती आणि पाचव्या तासाला तिला वाचवण्यात आलं. ओठ निळे पडले होते, हात मंदावले होते. हे सगळं अपेक्षित होतं. पण काठावर इंदूमावशी, म्हणजे वैशालीची आई, बसलेली होती. तिने लेकीचे ओठ पाहिले आणि हंबरडा फोडला, "काढ रे तिले! मरून राह्यली माही पोट्टी!" होडीवाल्याने वैशालीला दंडाला धरून वर ओढलं. तिथे परीक्षा संपली. काठावरच्या लोकांनी होडीवाल्याला खांद्यावर घेतलं आणि एक जीव वाचवल्याबद्दल नारळ दिला. जिचा जीव वाचला ती घोंगडीत गुंडाळून रागाने रडत होती.

"या साली आईले आणाचं नाई," वैशाली म्हणाली. "तू उद्या नाचणगावले जा आन तिले समजाव. माह्यं ऐकत नाई थे. तुह्यं ऐकन. तू पुण्याचा आहेस."

नाचणगाव

पुलगावला लागूनच नाचणगाव आहे. मी पोचलो तेव्हा मावशी दारात पिशवी भरून, लुगड्याची घडी मोडून, चपला घालून बसली होती.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"तुह्यासंगं."

"मावशी, मी तुला येऊ नकोस हे सांगायला आलोय."

"मले मालूम हाय. जेवून घे आधी."

जेवणात भाकरी, वांग्यात शिजवलेले ओल्या तुरीचे सोले आणि मिरचीचा ठेचा होता. असल्या जेवणानंतर यजमानीणबाईला विरोध करणं माणसाला जमत नाही, आणि तो जमू नये म्हणूनच ते केलेलं असावं. तरी मी प्रयत्न केला. नियम सांगितले. परदेशातले लोक शिस्तीचे असतात वगैरे बोललो. मावशीने मधेच आणखी एक भाकरी वाढली.

"मले एक सांग," ती म्हणाली. "माणूस पाण्यात गटांगळ्या खाऊन राह्यलं तं त्याले हात द्याचा का नाई?"

"द्यायचा."

"आन पोटची पोट्टी असन तं?"

"मावशी, ती गटांगळ्या खात नसते. पोहत असते."

"दुरून सारखंच दिसते थे," मावशी म्हणाली.

मी ताटावरून उठलो. तिने मला मागची विहीर दाखवली. वैशाली याच विहिरीत, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. दोराचं दुसरं टोक मावशीच्या हातात असायचं. मग एकदा पोरीने आतल्या आत डबा सोडला आणि दोर नुसताच वर आला. "तवापासून माह्या हातात काईच नाई," मावशी म्हणाली आणि लगेच शेजारणीला गोठ्याकडे लक्ष ठेवायला सांगून गाडीत जाऊन बसली.

परत येताना गाडीत मी, मावशी, पिशवीभर तुरीच्या शेंगा आणि मावशीची शपथ होती. शपथ अशी, की या वेळी तोंडातून शब्द काढणार नाही. वैशालीने दार उघडलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुण्याच्या माणसांबद्दलचं तिचं मत त्या क्षणी बदललं.

पवनार

तलाव सेलू तालुक्यात आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाने माझा सत्कार केला आहे आणि त्याची फेड मी अशी लिहून करतो आहे. पोहण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. वाटेत पवनारला धाम नदीपाशी थांबलो. नदीचं पात्र खडकाळ आहे. पाणी खडकांना वळसे घेत, घाई नसल्यासारखं जातं. वर टेकाडावर आश्रम आहे. तिथे येणारे लोक आपोआप हळू बोलू लागतात, चपला काढल्यावर तर फारच हळू.

मी मावशीला म्हटलं, "इथे मौन पाळायची पद्धत आहे. सराव करून बघ."

मावशी काठावर बसली. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि नदीकडे पाहत राहिली. मला वाटलं जमतंय.

"त्याइची लेकरं पाण्यात नसतीन," ती म्हणाली.

केळझर

केळझरच्या गणपतीला गेल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, ही मावशीची एकमेव अट होती. देवळात वैशालीने डोळे मिटून हात जोडले. ती काय मागत होती हे मला माहीत नाही. मी मात्र उद्या ढग येऊ देत, वारा येऊ नये एवढंच मागितलं, कारण होडीत मी बसणार होतो.

बाहेर बंडूभाऊ आमची वाट पाहत होते. तलावाच्या गावचे हे मोठे कार्यकर्ते. कशाचे, ते विचारायचं नसतं. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, एक हात माझ्या खांद्यावर. तो हात निरोप घेईपर्यंत तिथेच राहिला. आमच्याकडे खांद्यावर हात पडला की माणूस मागे वळून कोण आहे ते पाहतो. इथे हात आधी पडतो, ओळख नंतर होते, आणि हात काढून घेतला तर काही बिनसलं का असं विचारतात. अशा मुलखात एका बाईला सहा तास कोणी हात लावायचा नाही, असं ठरवून आम्ही निघालो होतो.

बंडूभाऊंनी गावच्या वतीने सगळी तयारी केली होती. मांडव होता, खुर्च्या होत्या, ध्वनिक्षेपक होता. फ्लेक्सचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. खवळलेला निळा समुद्र, त्यात एक डॉल्फिन, आणि लाटांवर कमरेपर्यंत वर आलेली वैशाली. घरच्यांनी पोहण्याच्या पोशाखातला फोटो द्यायला नकार दिल्यामुळे तिला शाळेच्या ग्रुप फोटोतून कापून घेतलं होतं, त्यामुळे ती काठापदराच्या साडीत, खांद्याला पर्स लावून समुद्रात उभी होती. खाली लिहिलं होतं, 'समुद्र जिंकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर प्रमुख पाहुण्यांचा फोटो होता, तो समुद्रापेक्षा मोठा होता.

"साहेब स्वतः येऊन राह्यले," बंडूभाऊ म्हणाले. "फक्त एक हाय, ताई. साहेबांले दुपारी लग्न हाय. तं तुमी अकराच्या सुमाराले पाच मिनटं बाहेर या."

"भाऊ, मले मधात बाहेर येता येत नाई," वैशाली म्हणाली.

"पाचच मिनटं. शाल टाकतो, नारळ देतो, फोटो झाला का पुन्हा सोडतो तुमाले पाण्यात."

तलावात मासळीचं बी सोडतात, तसा तो सूर होता. वैशालीने नियम सांगितला. प्रमोदरावांनी सांगितला. मी नियमाचा मराठी अनुवाद केला. बंडूभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, प्रत्येकाला "बराबर हाय" म्हटलं आणि माझा खांदा दाबला.

"तुमी टेन्शन नका घेऊ. अ‍ॅडजस्ट करू."

तलाव

सकाळी तलावावर धुकं होतं. पाण्याला मी बोट लावलं आणि लगेच खिशात घातलं. प्रमोदरावांनी हातमोजे घालून वैशालीच्या काखेला, मानेला व्हॅसलीन फासलं. घर्षणाने कातडी सोलवटते म्हणून हे करतात. गावातल्या बायका धरणाच्या भिंतीवर जमल्या होत्या आणि जावई चारचौघांत बायकोला हळद लावतो आहे अशा कौतुकाने हे पाहत होत्या. मावशी पुढे येऊन काठाशी गोणपाटावर बसली. तोंडाला पदर. शपथ चालू.

वैशाली पाण्यात शिरली. एकदाच मोठ्याने श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग हातांचा ठेका सुरू झाला.

होडी एकच होती, त्यामुळे होडीवालाही गेल्या वर्षीचाच, शेषराव. तो मला पाहिल्यापासून शपथा घेत होता.

"या साली मी तिले हात लावत नाई, साहेब. पाण्यालेबी लावत नाई."

"मग वल्हवणार कोण?"

"थे येगळं," तो म्हणाला आणि गेल्या वर्षी मिळालेला नारळ कसा नासका निघाला ते सांगू लागला.

लांब पल्ल्याचं पोहणं पाहणं हा खेळ पाहण्याचा प्रकार नाही. काही घडत नाही आणि काही घडू नये हीच सगळ्यांची इच्छा असते. वैशाली धरणाच्या भिंतीपासून पलीकडच्या वाळल्या बाभळीपर्यंत जाई, वळे, परत येई. होडीतून आम्ही तिघं बाजूने. अर्ध्या-अर्ध्या तासाने प्रमोदराव दोरीला बांधलेली बाटली तिच्याकडे फेकत. त्यात कोमट पेज आणि गूळ. ती उताणी होऊन पाय हलवत पिई, बाटली सोडून देई, प्रमोदराव दोरी ओढून घेत. पहिल्याच वेळी भिंतीवरून एका बाईचा आवाज आला.

"अवो, कुत्र्याले टाकल्यावानी टाकून राह्यले जवाई! हातात द्या ना तिच्या!"

प्रमोदराव कानापर्यंत लाल झाले. बाटली प्रत्येक वेळी टाकण्यापूर्वी ते मग भिंतीकडे पाठ करू लागले.

पेज पिताना मी तिला पाढे विचारायचे, असं ठरलं होतं. थंडीने डोकं बधिर होऊ लागलं की पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही; साधा प्रश्न चुकला तर साक्षीदाराने थांबवायचं.

"सतरा सत्ते?"

"एकशे एकोणीस. पुढच्या टायमाले जरा कठीण विचार."

चार तास असे गेले. धुकं विरलं, ऊन आलं, पण पाण्याला त्याची खबर नव्हती. मग धरणाखालच्या रस्त्यावर धूळ उठली, डफडी वाजू लागली आणि ध्वनिक्षेपकावरून बंडूभाऊंचा आवाज तलावभर पसरला. साहेब आले होते.

"ताईंना विनंती आहे की त्यांनी व्यासपीठाकडे यावं!"

ताईंच्या कानात मेणाचे बोळे होते, शेजारून ओरडलेले पाढे तेवढे आत जात. त्या व्यासपीठासमोरून पोहत निघून गेल्या. विनंती पुन्हा झाली, मग "नम्र विनंती" झाली, मग "शेवटची विनंती" झाली. साहेब खुर्चीवरून उठून काठाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संभ्रम होता. सत्काराला नाही म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. तसं मीही पाहिलं नव्हतं.

मग बंडूभाऊंनी अ‍ॅडजस्ट केलं. त्यांनी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, झेंडूचा जाडजूड हार दोन्ही हातांनी उंच धरला आणि ते पाण्यात शिरले. भिंतीजवळ वैशाली जिथे वळायची, नेमके तिथे ते छातीभर पाण्यात जाऊन उभे राहिले. मागे फोटोवाला. वैशाली त्यांच्या दिशेने येत होती. पोहताना ती खाली पाहते, समोर नाही. आणखी थोडे हात मारले की तिचं डोकं थेट हारात जाणार होतं, आणि हाराबरोबर बंडूभाऊंचे प्रेमळ हात तिच्या खांद्यावर पडणार होते.

प्रमोदराव उभे राहिले, होडी डगमगली. "भाऊ, नका! नका!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मावशी गोणपाटावर उठून उभी राहिली होती, पण शपथ पाळत होती.

मी आयुष्यात सत्कार टाळत आलो आहे. सत्कारांची भाषणं तपासून छापायला देणाऱ्या माणसाला ते पाहवतही नाहीत. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते शेषरावनेही नंतर मला पुन्हा-पुन्हा म्हणून दाखवलं.

"बंडूभाऊ! सत्कार माझा करा! मी पुण्याहून आलोय!"

बंडूभाऊ वळले. हारासकट दोन पावलं माझ्या दिशेने आले. वैशाली त्यांच्या मागून वळली आणि बाभळीकडे निघाली.

साक्षीदाराला होडी सोडता येत नाही, त्यामुळे सत्कार माझ्याकडे आला. बंडूभाऊंनी होडीला धरून मला हार घातला. कोणीतरी पाण्यातून फेटा आणला, तो बांधला. शाल आली, नारळ आला. शेषरावने नारळ हलवून पाहिला आणि हा चांगला असल्याचं मला हळूच सांगितलं. बिनतारी माईकही आला. मी दोन शब्द बोलावेत अशी साहेबांची इच्छा होती. दरम्यान वैशाली पुढे चालली होती आणि माझी नजर तिच्यावरून हटता कामा नव्हती. मी शेषरावला होडी काढायला सांगितलं आणि श्रोत्यांकडे पाठ करून, फेटा सावरत, दूर जात-जात भाषण केलं. या मातीचं ऋण, इथल्या माणसांचं प्रेम, साहेबांचं मोठेपण. ज्या शब्दांवर मी आयुष्यभर लाल रेघ मारली ते सगळे मला पाठ होते. तलावाच्या मध्यावर माईकचा संबंध तुटला, आणि तिथेच टाळ्या पडल्या. साहेब समाधानाने लग्नाला गेले.

पाचव्या तासानंतर वारा सुटला. पाण्याला बारीक सुरकुत्या पडल्या आणि वैशालीचा ठेका बिघडला. हात उचलून टाकल्यासारखे पडू लागले. ओठ निळे झाले. पेज प्यायला थांबली तेव्हा तिचे दात बाटलीवर वाजत होते.

"एकोणीस आठे?" मी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. हार, फेटा, शाल.

"तू सांग," ती म्हणाली.

हे डोकं बधिर झाल्याचं लक्षण की वर्गात बाई जागी असल्याचं, मला कळेना. प्रमोदरावांनी माझा दंड धरला. "दादा, थांबवू का?" ते रडत होते. शेषरावने वल्हं मांडीवर ठेवलं आणि तोंड दुसरीकडे फिरवून बसला. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते. थांबवायचं ते मीच थांबवायचं होतं. मी एकशे बावन्न म्हटलं.

"इतका वेळ काऊन लागला?" वैशाली म्हणाली आणि पालथी झाली.

तो शेवटचा तुकडा मी कसा पाहिला ते लिहिण्यासारखं नाही. सहा तास भरले तेव्हा ती भिंतीपासून थोडी दूर होती. आमची होडी काठाला लागली, प्रमोदराव टॉवेल घेऊन उतरले. आता फक्त तिने बाहेर यायचं होतं. पण या तलावाचा काठ म्हणजे काळी माती. पाणी ओसरलं की तिथे गुडघाभर गाळ राहतो. सहा तास आडवं राहिलेल्या माणसाच्या पायांना उभं राहणं आठवत नाही. वैशाली उठली, एक पाऊल टाकलं आणि तोंडावर पडली.

भिंतीवरच्या सगळ्या बायका एकदम खाली धावल्या. ओवाळायचं ताट, पायांवर घालायला पाण्याचा तांब्या, पदर, हात, सगळं एकाच वेळी काठाकडे आलं. बंडूभाऊ सगळ्यांच्या पुढे होते. त्यात वाईट कोणाचाच हेतू नव्हता. चिखलात पडलेल्या बाईला हात न देता उभं राहणं त्या गावात कोणाला शिकवलेलंच नव्हतं.

मावशी आडवी आली. ती पाण्याच्या कडेला, गाळात घोट्यापर्यंत उतरून, लेकीकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"खबरदार! कोणी हात लावू नका तिले!"

"मावशी, पडली ना ते!" बंडूभाऊ म्हणाले.

"पडू द्या! माही पोट्टी हाय! मले समजत नाई का?"

शपथ मोडली होती. बायका थबकल्या. मावशीच्या मागे वैशाली चार पायांवर आली. पुन्हा पडली. कोपरांवर सरकली. मावशीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वैशालीने कोरड्या जमिनीला हात लावला, गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि अखेर वाकडीतिकडी, मानेपर्यंत चिखलाने माखलेली, उभी राहिली.

"निंगली का रे, बाबू?" मावशीने समोर पाहतच मला विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या गळ्यात अजून हार होता.

"निघाली," मी म्हणालो. "झालं."

तरीही कोणी हललं नाही. इतका वेळ हात लावायचा नाही हेच ऐकून-ऐकून गाव आता खरंच घाबरलं होतं. ताटवाली ताट घेऊन, शालवाला शाल घेऊन, प्रमोदराव टॉवेल घेऊन जागच्या जागी. मधोमध वैशाली एकटी, दात वाजवत उभी.

"आई," ती म्हणाली, "आता लाव ना हात."

मावशी वळली. तिने लेकीला वरून खालपर्यंत पाहिलं, पुढे झाली, तिच्या ओल्या पाठीत तलावभर ऐकू जाईल असा एक धपाटा घातला, आणि मग कोणी सोडवायला आलं तरी तिने तिला सोडलं नाही.